ज्या दारात भांडण, त्या दारात मत

निवडणुकीत उमेदवाराच्या पुढे एक बाई चालते. फोटोत ती दिसत नाही, कारण फोटो काढायची वेळ आली की कुणीतरी तिला कोपराने बाजूला सारतं. ती बाई म्हणजे मी. इंदूरला परदेशीपुऱ्यात, बंद पडलेल्या मिलच्या मागच्या मराठी गल्ल्यांमध्ये, नगर निगमच्या किती निवडणुका चालले ते मोजलं नाही. शिक्षण चौथीपर्यंत. मालक मिलमध्ये होते, मी घरी पापड लाटायचे. मिल बंद पडली, तेव्हा आमच्या वॉर्डाच्या पार्षदाच्या बायकोने विचारलं, मराठी घरांत माझ्याबरोबर फिरशील का? पार्षद म्हणजे तुमच्याकडचा नगरसेवक. मी गेले. फुकट गेले नाही, हे आधीच सांगून टाकते. राजकारणात सेवा करायला आलोय म्हणणाऱ्या माणसाला मी घरात पाणीसुद्धा उभ्याने देते.

काम सोपं दिसतं. उमेदवार गल्लीत शिरायच्या आत आपण दोन घरं पुढे असायचं. कडी वाजवायची, आतल्या बाईला नावाने हाक मारायची आणि उमेदवार पोचेपर्यंत मागे वळून त्याच्या कानात घालायचं, की या घरी सासूबाई नुकत्याच गेल्या, आधी ते बोला. पुढच्या घरी मुलगा पोलिसात लागलाय, त्याचं कौतुक करा. त्याच्या पलीकडे दोघा भावांचं पटत नाही, एकाच्या दारात जास्त रेंगाळू नका. एका उमेदवाराने पहिली दोन घरं उलटी केली. सुतकातल्या घरी हसून मिठाई मागितली आणि पोलिसाच्या घरी मान खाली घालून म्हणाला, भगवान की मर्जी के आगे किसकी चली है. पोलिसाची आई किंचाळत फोनकडे धावली. ते घर त्या पार्टीला कायमचं गेलं.

आमच्याकडे उमेदवाराची दारोदार आरती होते. ताट, दिवा, फुलं, कपाळाला टिळा, हातात श्रीफळ. चौकात त्याला तराजूत बसवून लाडवांनी तोलतात. एकदा आमचा उमेदवार अंगाने भरलेला होता आणि हलवाई हाताने आखडता. लाडू सगळे घातले तरी पारडं हलेना. शेवटी पारड्यात चादरीखाली बटाट्याचं पोतं सरकवलं, वरून लाडू रचले आणि ढोल वाजवले. जमलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं, आणि टाळ्याही वाजवल्या. हलवाई समोरच्या पार्टीचा होता हेही सगळ्यांना माहीत होतं, उमेदवार सोडून.

बाहेरून आलेला माणूस इथेच फसतो. आरती झाली, हार पडले, की त्याला वाटतं घर आपलं. आरती म्हणजे काही मत नाही. दारात आलेल्याला ओवाळायचं ही आमची रीत आहे, समोरच्या पार्टीचा आला तरी तेच ताट, तीच वात. माझ्या कामात मी एकच गोष्ट शिकले, ती अशी की जी बाई मत देणार असते ती भांडते. गटार तुंबलंय, कचऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडावरूनच पळते, नर्मदेचं पाणी येतं तेव्हा नळ नुसता फुसफुसतो. ती पदर खोचून बोलते, कारण उद्या हाच माणूस निगममध्ये बसणार आणि त्याच्याकडून काम करून घ्यायचंय, हे तिने मनात ठरवलेलं असतं. ज्याला मत द्यायचं नाही त्याच्याशी कशाला तोंड वाजवेल? त्याला चहा देते, हसते आणि वाटेला लावते.

मिलमधले एक रिटायर जॉबर, म्हणजे मुकादम, होते. उमेदवार आला की त्याच्यासाठी खुर्ची बाहेर आणायचे, बसवायचे आणि स्वतः उभे राहून त्याची हजेरी घ्यायचे. बाकीची गल्ली उन्हात खोळंबून राहायची. एका नव्या पोराने वैतागून विचारलं, दादाजी, वोट दोगे के नहीं? ते म्हणाले, "नहीं देना होता तो तेरे पे इत्ता टाइम खराब करता क्या?"

आता पार्टी बदलण्याबद्दल. लोक मला टोमणा मारतात की मावशी, तुम्ही दोन्हीकडचं मीठ खाल्लंय. खाल्लंय. आमच्या वॉर्डात एक पुढारी होते, भिया, म्हणजे भैया. नाव घालत नाही, भियाच म्हणते, इथे सगळे तेच म्हणायचे. ते सकाळी एका पार्टीच्या ऑफिसात नाश्त्याला पोहे खाऊन निघाले आणि संध्याकाळी दुसऱ्या पार्टीचा पट्टा गळ्यात घालून परतले. त्यांच्या मागे सगळी मंडळी गेली, मीही गेले. ज्या दारांत मी परवापर्यंत एका चिन्हाची हात जोडून आठवण देत होते, तिथेच दुसऱ्या चिन्हाची द्यायला लागले. एकाही बाईने आश्चर्य दाखवलं नाही. एक म्हणाली, बरं झालं बाई, आमचे हे कधीचे तिकडेच देतात. भिया गेले म्हणून गल्ली गेली असं पेपरवाले लिहितात. खरं उलटं असतं. गल्ली आधीच सरकलेली असते, भियाला उशिरा कळतं.

हे सगळं गमतीचं आहे. आता जे लिहिते ते गमतीचं नाही.

आमच्या गल्लीत कमल राहते. तिचा नवरा टेम्पो चालवायचा, लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला. पदरात एक मुलगी. कमल अंगणवाडीत लागली आणि त्या पगारावर तिने संसार ओढला. त्याखेरीज ती गल्लीची कागदपत्रं करायची. म्हाताऱ्यांची पेन्शन, जन्माचे दाखले, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणं. निगमच्या झोन ऑफिसात कुठल्या खिडकीवर जायचं, कुठला बाबू जेवणानंतरच कामाला लागतो, हे सगळं तिला पाठ. या कामाचा ती चहासुद्धा घ्यायची नाही. मी तिला सांगायचे, थोडं तरी घेत जा, फुकटच्या कामाची लोकांना किंमत नसते. ती हसायची.

मग सोडतीत आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. सगळ्यांच्या तोंडी कमलचंच नाव. भिया स्वतः तिच्या घरी आले, माझ्यासमोर बोलले, "ताई, तैयारी करो. आपके जैसा कौन है?" अंगणवाडीतली बाई निवडणुकीला उभी राहायची तर आधी राजीनामा द्यावा लागेल, हेही त्यांनीच सांगितलं. कमलने दिला. पुढच्या आठवड्यात तिकीट जाहीर झालं. भियाच्या बायकोला.

ती भली बाई असेल, मला तिच्याबद्दल वाईट लिहायचं नाही. पण ती विजय नगरच्या फ्लॅटमध्ये राहायची. तिचं नाव तेवढं आमच्या वॉर्डाच्या यादीत होतं, सासऱ्यांच्या जुन्या घरामुळे.

कमल अपक्ष उभी राहिली. मी भियाला जाऊन सांगितलं, या वेळी तुमच्या पुढे चालणार नाही. ते चिडले नाहीत. चहा मागवला, खुर्ची दिली आणि म्हणाले, "मौसीजी, जाओ, मना किसने करा. आरती सब उतारेंगे उसकी. देख लेना." तेव्हा त्यांचा मला राग आला होता. आज वाटतं, तो माणूस वॉर्ड ओळखत होता.

कमलला चिन्ह मिळालं नळ. मी, कमल आणि तिची मुलगी अशा तिघी निघालो. पहिलं घर सुमनवहिनींचं. सुमनवहिनी म्हणजे आमच्या गल्लीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, कमलनेच लावून दिलेल्या पेन्शनवर जगणाऱ्या. आम्ही दारात उभ्या राहिलो तर त्या म्हणाल्या, थांब कमल, आणि आत गेल्या. येताना सुपात तांदूळ, नारळ, सुपारी आणि कोरा खण. मागून सूनही आली हळदकुंकू घेऊन.

कमल एक पायरी मागे सरकली. "काकू, मला चालत नाही."

"कोण म्हणतं चालत नाही? पदर पसर."

आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईची ओटी भरत नाहीत. चांगलं की वाईट हा प्रश्न नाही, भरत नाहीत. नवरा गेल्यापासून कमलच्या पदरात कुणी तांदळाचा दाणा घातला नव्हता. हळदीकुंकवाला ती कुणाकडे जायची नाही, तिला कुणी बोलवायचंही नाही. सुनेने हळद लावली, कुंकवापाशी तिचं बोट अडलं, तिने सासूकडे पाहिलं. सुमनवहिनी म्हणाल्या, लाव. कमलने पदर पसरला. तांदूळ थोडे खाली सांडले.

गल्लीत बातमी आमच्याआधी पोचली. पुढच्या घरी सूप तयार. त्याच्या पुढच्याही. मराठी घरांचं पाहून शेजारच्या हिंदीवाल्या बायकाही नारळ घेऊन आल्या, म्हणाल्या हमारी भी बेटी है. एकीने चक्क नवी साडी घातली ओटीत. मुलगी नारळ वाहून दमली, पिशव्या भरल्या, कुणाची तरी हातगाडी मागून आणली. कमलचा चेहरा मी आजवर तसा पाहिला नव्हता. उभ्या गल्लीत ती लग्नातल्या नवरीसारखी चालत होती.

मी मागे राहून ऐकत होते. काहीच ऐकू येत नव्हतं. गटार नाही, कचरा नाही, पाणी नाही. पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बायका, समोर नळ चिन्हाची उमेदवार उभी, आणि एकही नळाबद्दल बोलेना. शेवटी एका दारात मीच काढलं. विचारलं, काय गं, पाणी नीट येतं का? ती म्हणाली, "येतं की मावशी. चाललंय आपलं." तिच्याच शेजारणीने मला सकाळी सांगितलं होतं की काल भियाची बायको आली तेव्हा या बाईने रिकामी कळशी तिच्या पायांपाशी आपटली आणि वाट अडवून धरली.



संध्याकाळी कमलच्या घरी बसलो होतो. भिंतीला नारळ रचलेले, कमल तांदूळ निवडून डब्यात भरत होती. तेवढ्यात भियाचा माणूस निरोप घेऊन आला. अजून वेळ गेलेली नाही, ताईंनी बसावं. आमच्या धंद्यात याला बसणं म्हणतात. नाव मशीनवर राहतं, पण उमेदवार जाहीर सांगतो की माझा पाठिंबा अमक्याला. बसल्या तर राजीनामा वरून रद्द करवून देतो, अंगणवाडीची जागा अजून रिकामी आहे, असा शब्द होता. कमलने त्याला पाणी दिलं आणि उद्या सांगते म्हणाली.

तो गेल्यावर मी म्हटलं, "बस."

तिला वाटलं मी पाटावर बस म्हणतेय.

"कमल, निवडणुकीतून बस. मतं नाहीत."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "मावशी, तुम्ही होतात ना माझ्याबरोबर? डोळ्यांनी पाहिलंत ना?"

"पाहिलं. म्हणूनच सांगते. एक तरी बाई भांडली तुझ्याशी?"

"म्हणजे सगळ्या खोटं वागल्या?"

"खोटं नाही. ओटी खरी आहे. मत नाही."

मग तिला ते समजावून सांगायला बसले. म्हटलं, त्यांना तू आवडतेस. तुझ्यावर अन्याय झाला हे त्यांना माहीत आहे. पण निगममध्ये अपक्ष बाईचा फोन कोण उचलतो? टँकर कोण पाठवतो? त्यांना पाणी पाहिजे, ते तू देऊ शकत नाहीस असं त्यांनी ठरवलंय. मत देता येत नाही, म्हणून दुसरं काहीतरी भरभरून देतायत. ज्यांच्या मनाला जास्त टोचतंय त्यांनी साडी घातली.

कमलने सांडलेले तांदूळ गोळा केले. मग म्हणाली, "तुम्ही आयुष्यभर भियासाठी फिरलात, मावशी. तुम्हाला माणसांत मतंच दिसतात. मला आज बायकांनी त्यांच्यात घेतलं. आता मी त्यांना जाऊन सांगू, की मी बसले?"

  भियाच्या माणसाला तिने दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं.

निकालाचं लोकांना नीट माहीत नसतं म्हणून सांगते. मत गुप्त असतं, पण मशीन बूथप्रमाणे मोजतात. कुठल्या बूथवर कुणाला किती, ते मोजणीच्या टेबलाशी बसलेले लोक लिहून घेतात आणि दुपारपर्यंत ते चहाच्या टपरीवर पोचतं. म्हणजे एकेका बाईचं मत झाकलेलं राहतं, गल्लीचं उघडं पडतं. भियाची बायको निवडून आली, कमलची अनामत गेली, हे दुःख होतंच. पण आमच्या गल्लीच्या बूथवर तिला जी मतं पडली, त्यांत ती स्वतः, मुलगी आणि मी सोडलो तर फार कुणी उरत नव्हतं.

मी बरोबर ठरले. माझ्या धंद्यात मी इतकी बरोबर कधीच ठरले नव्हते, आणि त्या दिवशी घरी येऊन मी चूल पेटवली नाही. गॅस आहे आमच्याकडे, बोलायची पद्धत.

गल्लीने कमलला वाईट वागवलं नाही. त्याहून वाईट केलं. बायका तिच्या नजरेला नजर देईनात. ती येताना दिसली की कुणाला तरी आतून दूध उतू गेल्याची आठवण व्हायची. चैत्रात घरोघर हळदीकुंकू झालं. तिला कुणी बोलावलं नाही. ओटी भरली ती निवडणुकीपुरती, रीत होती तिथेच परत जाऊन बसली. अंगणवाडीच्या जागेवर दुसरी बाई लागली. कमल आता नमकीनच्या कारखान्यात शेव भरायला जाते. संध्याकाळी येते तेव्हा अंगाला तिखटाचा वास असतो. कागदपत्रं घेऊन तिच्याकडे कुणी जात नाही, जायचं तोंड नाही.

मागच्या वर्षी सुमनवहिनींची पेन्शन थांबली. मशीनवर अंगठा उमटेना, म्हातारपणी रेषा पुसल्या जातात. सून कामाला जाते, मुलगा लक्ष देत नाही. मी त्यांना घेऊन झोनच्या ऑफिसात गेले. बाबू म्हणाला पार्षदजींची चिठ्ठी आणा. पार्षदबाई विजय नगरला. तिथे गेलो, तर फाटकावरच्या गार्डने दोन म्हाताऱ्यांना वर सोडलं नाही. उन्हात उभ्या राहून परत आलो. मग मीच म्हटलं, चला कमलकडे. सुमनवहिनी नको नको म्हणत होत्या, मी ओढत नेलं.

कमल नुकतीच आली होती. तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. कागद हातात घेऊन नीट पाहिले. काय करायचं ते तिला माहीत होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिने कागद घडी घालून सुमनवहिनींच्या मांडीवर ठेवले.

"काकू, हे पार्षदाचं काम आहे. ज्यांना निवडलंत त्यांच्याकडे जा."

आवाज चढला नव्हता. सुमनवहिनी उठल्या.  कमलचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि बरोबर केलं असंही नाही.

परत येताना आम्ही वाटेत मारुतीच्या ओट्यावर टेकलो, सुमनवहिनींना दम लागला होता. माझ्या कामाचा एक नियम होता. मत कुणाला दिलं, हे कुणाला विचारायचं नाही. कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"वहिनी, खरं सांगा. मत कुणाला दिलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी वेडी आहे.

"कमलला. दुसऱ्या कुणाला देणार? मी ओटी भरली होती तिची."

निकालानंतर प्रत्येक घर म्हणतं, आम्ही तुम्हालाच दिलं. हे ऐकून माझे कान किटलेत, आणि त्यातलं खरं कुठलं, खोटं कुठलं, हे मला आवाजावरून कळतं असा माझा समज होता. सुमनवहिनींच्या आवाजावरून मला काहीच कळेना. जी थोडीशी मतं पडली, त्यांतलं एक त्यांचं असू शकतं. असलं, तर कमलने अख्ख्या गल्लीत नेमक्या त्याच बाईला दारातून परत पाठवलं, आणि तिला तिथे नेलं मी.

सुमनवहिनी पदराने मान पुसत म्हणाल्या, "मला वाटलं, सगळ्याच देतायत."

पेन्शन अजून सुरू झालेली नाही.